आडनाव: चेऊलकर

आज डेव्हिडबद्दल. कोण डेव्हिड, असं ज्यांच्या मनात आलं त्यांच्यासाठी: 'गोलमाल' (१९७९) मधले केदारमामा. अमोल पालेकरला नोकरीसाठी भवानीशंकरकडे पाठवण्याआधी तो म्हातारा कसा आहे, त्याला काय आवडतं, कशाने त्याचं डोकं फिरतं, हे सगळं नीट समजावून सांगणारे ते बुटके, टकलू, हसऱ्या डोळ्यांचे डॉक्टर. आपल्या भाषेत सांगायचं तर कंपनीतला तो ओळखीचा माणूस, जो रेफरल देतो आणि वर 'इंटरव्ह्यूला काय बोलू नकोस' हेही सांगतो. पुढचा सगळा गोंधळ या एका सल्ल्यातून सुरू होतो. मिशी लक्षात राहते, उत्पल दत्त लक्षात राहतो, मामा मात्र आपण गृहीत धरतो. मामा असतातच की घरात.

टायटल्समध्ये त्यांचं नाव यायचं नुसतं 'डेव्हिड'. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

हे आडनाव मी मित्रांना सांगतो तेव्हा दहातले आठ जण तरी 'काय सांगतोस!' म्हणतात. सगळे मराठी. सगळ्यांना 'गोलमाल' पाठ. आणि आपला केदारमामा अलिबागजवळच्या चौलच्या नावाचं आडनाव लावणारा मराठी माणूस होता, हे कुणालाच माहीत नसतं.

आता माझा आणि डेव्हिडचा संबंध काय? तर त्यासाठी तुम्हाला जरा लांब न्यावं लागेल, चिंचपाड्याला. चिंचपाडा म्हटलं की मुंबईकर विचारतात, 'ऐरोलीचा का?' किंवा 'कल्याण पूर्वेचा?' नाही हो. आमचा चिंचपाडा नंदुरबार जिल्ह्यातला, नवापूर तालुक्यातला. सुरत-भुसावळ रेल्वेलाईनवरचं छोटं स्टेशन. शेजारचं नवापूर स्टेशन तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाहिलं असेल, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये असलेलं. त्याच्या जरा इकडे आम्ही. भात, तूर, सागाची झाडं आणि एक मिशनचं हॉस्पिटल. घरात मावची बोलतात, शाळेत मराठी, बाजारात निम्मी गुजराती.

आणि आमच्याकडे 'डेव्हिड' हे अगदी घरगुती नाव आहे. मिशन आल्यापासून तालुक्यात बरीच कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यातलं एक आमचं. त्यामुळे डेव्हिड गावित, सॅम्युअल वसावे, याकोब वळवी अशी नावं आमच्या कानाला बिलकुल खटकत नाहीत. दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी पिक्चर लागायचा आणि पडद्यावर 'डेव्हिड' अशी पाटी आली की आजी समाधानाने म्हणायची, "हा आपल्यातला." आजीच्या डिक्शनरीत आपल्यातला म्हणजे रविवारी चर्चला जाणारा. पप्पा शाळामास्तर, त्यांना खरं माहीत होतं. ते सांगायचे, "आई, तो यहुदी आहे. बायबलातला." यावर आजीचं उत्तर ठरलेलं: "मग तर आपल्यातलाच!"

तर हा 'बायबलातला' माणूस चौलचा कसा?

कोकणातले बेने इस्रायली. त्यांची परंपरा अशी सांगते की फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावला एक जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि पुढची सगळी प्रजा त्यांची. ही माणसं किनाऱ्यालगतच्या गावांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, पण शनिवारी काही केल्या घाणा जुंपेनात. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. (मला हे नाव फार आवडतं. शनिवारी काम न करणं हीच ज्यांची ओळख, अशा जमातीबद्दल आपल्या आयटीवाल्यांना आदर वाटायलाच हवा. :) )

भाषा मराठी. बायकांची साडी नऊवारी. कीर्तनसुद्धा मराठी, फक्त आख्यान अब्राहमाचं किंवा योसेफाचं. जुन्या नावांचंही मराठीकरण झालं: इझिकेलचा हसाजी, सॅम्युअलचा समाजी, अब्राहमचा अबाजी. समाजी हसाजी दिवेकरांनी, म्हणजेच सॅम्युअल दिवेकरांनी, १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. मस्जिद बंदर स्टेशनातली 'मस्जिद' म्हणजे हे सिनेगॉग, असं सांगतात. पुढच्या वेळी मध्य रेल्वेच्या गर्दीत लटकताना आठवा.

आणि आडनावं गावांवरून. रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर, चेऊलकर. आधी स्वतःचं नाव, मग वडलांचं, मग गावाचं. डेव्हिड अब्राहम चेऊलकर. कुठल्याही मराठी शाळेच्या हजेरीपटावर हे नाव निमूट बसेल. पहिले दोन शब्द जेरुसलेमचे आणि तिसरा रायगड जिल्ह्याचा, एवढंच.

डेव्हिड यांचा जन्म १९०९ चा. मुंबई विद्यापीठातून १९३० साली बी.ए. झाले आणि मग जवळजवळ सहा वर्षं धड नोकरी नाही. जागतिक मंदीचा काळ होता तो. दोन महिने बेंचवर बसलं की ज्यांचा जीव खालीवर होतो (आपण सगळेच), त्यांनी ही सहा वर्षं डोळ्यांसमोर आणून बघावीत. शेवटी नयमपल्ली नावाच्या नट मित्राच्या ओळखीने १९३७ च्या 'झाम्बो' या भवनानींच्या चित्रपटात काम मिळालं. म्हणजे यांनाही रेफरलच. तिथून चाळीसेक वर्षं, शंभराहून जास्त चित्रपट.

बेने इस्रायली आणि बगदादी ज्यू मंडळी तोवर सिनेमात चांगली रुळलेली होती. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) ज्यांच्या नाटकावरून निघाला ते जोसेफ डेव्हिड पेणकर, म्हणजे पेणचे. सुलोचना म्हणजे रुबी मायर्स, नादिरा म्हणजे फ्लॉरेन्स इझिकेल, प्रमिला म्हणजे एस्थर अब्राहम. जरा नावं बघा. नायिकांना नाव बदलून घ्यावं लागलं, सगळ्या हिंदू किंवा मुसलमान वाटतील अशा झाल्या. डेव्हिडनी नाव ठेवलं. गळालं ते आडनाव.

आणि इथेच माझं डोकं अडकतं.

'डेव्हिड' एवढंच म्हटलं की हिंदी प्रेक्षक काय समजणार? ख्रिश्चन. आणि तसंच झालं. १९५४ चा 'बूट पॉलिश' घ्या. राज कपूरची निर्मिती, दिग्दर्शक प्रकाश अरोरा. अनाथ भावंडं, भीक मागायला लावणारी काकू, आणि झोपडपट्टीतला लंगडा, हातभट्टीचा धंदा करणारा जॉन चाचा. तो या पोरांना शिकवतो की हात पसरायचा नाही, काम करायचं. स्वतः बेकायदा दारू विकणारा माणूस प्रामाणिकपणाचे धडे देतोय हा विनोद आहे, पण डेव्हिड तो विनोद म्हणून कधी वाजवत नाहीत. जॉन चाचाला त्यात काही विसंगती दिसतच नाही, आणि म्हणून आपल्याला आधी हसू येतं आणि मग घशाशी काहीतरी येतं. या भूमिकेसाठी त्यांना १९५५ चं फिल्मफेअर मिळालं. सहाय्यक अभिनेत्याचं पारितोषिक तेव्हा नव्यानेच सुरू झालं होतं, त्याचे हे पहिले मानकरी. त्याच चित्रपटातल्या बेबी नाझचा कान महोत्सवात विशेष उल्लेख झाला. १९६९ साली डेव्हिडना पद्मश्रीही मिळाली.

तर जॉन चाचा ख्रिश्चन. 'सत्यकाम' (१९६९) मधला रुस्तम पारशी. 'चुपके चुपके' (१९७५) मध्ये अलाहाबादचे हरिपद भैया. शुद्ध हिंदीवर बेतलेल्या पिक्चरमध्ये अलाहाबादचा भैया कोण, तर मराठी मातृभाषेचा ज्यू! 'गोलमाल'मध्ये डॉक्टर केदार. त्याच वर्षीच्या 'बातों बातों में'मध्ये वांद्र्याचे अंकल टॉम, लोकल ट्रेनमध्ये पुतणीसाठी स्थळ हेरणारे. म्हणजे हा माणूस ख्रिश्चनांचा काका, पारशांचा काका, उत्तर प्रदेशी हिंदूंचा भैया आणि मध्यमवर्गाचा मामा. अख्ख्या देशाच्या घराघरात यांची एक खुर्ची.

फक्त स्वतःच्या घरात नाही. माझ्या पाहण्यात तरी हिंदी पडद्यावर ते कधी कुणी चेऊलकर, रोहेकर किंवा पेणकर झालेले नाहीत. बिमल रॉय यांनी १९५८ साली खुद्द 'यहुदी' नावाचा चित्रपट काढला. त्यातला ज्यू एझरा कोणी केला? सोहराब मोदींनी. म्हणजे ज्यू झाला पारशी, आणि अकरा वर्षांनी पारशी झाला ज्यू. हिशोब पूर्ण!

आता कुणी म्हणेल की अरे, नट आहे, त्याने वेगवेगळ्या भूमिका करायच्या नाहीत तर काय. मान्य. उत्तम नटाने रुस्तमही व्हावं आणि हरिपदही व्हावं. माझी तक्रार नटाबद्दल नाहीच. लिहिणाऱ्यांबद्दल आणि बघणाऱ्यांबद्दल आहे. आपल्याला ज्यू म्हटलं की रोममधला दाढीवाला सुचतो. अलिबागहून एसटीने मुंबईला येणारा, शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणारा, मराठीत भांडणारा माणूस सुचतच नाही. त्याचा मामा होतो, पण त्याला मामाचा गाव मिळत नाही.

हे मला एवढं का लागतंय? सांगतो.

माझा एक चुलतभाऊ आहे, माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. नाव डेव्हिड. गेल्या वर्षी इंजिनिअरिंग संपवून पुण्यात आला, माझ्याकडेच राहायला. एका रविवारी लॅपटॉप घेऊन बसला होता, रेझ्युमे करत. मला म्हणाला, "दादा, नुसतं डी. गावित लिहू का?"

"का रे?"

"असंच. प्रश्न कमी येतात."

कुठले प्रश्न ते त्याला सांगावं लागलं नाही. मला गेली वीस वर्षं ते पाठ आहेत. गावित म्हणजे आदिवासी ना? मग नाव डेव्हिड कसं? ख्रिश्चन आहेस तर मग गावित कसा? मग तो दाखला कसा मिळाला? एका जुन्या ऑफिसात एकाने मला चहाच्या टपरीवर, सगळ्यांसमोर, अगदी मैत्रीच्या सुरात विचारलं होतं, "नक्की काय आहेस तू? एक काहीतरी ठरव ना." अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर ठरत नाही, हे मी अर्थातच समजावून सांगितलं. १९५० चा आदेश वगैरे. तो ऐकून म्हणाला, "हो, पण तरी." या 'पण तरी'ला कुठलंही कलम लागू पडत नाही. आता तर धर्मांतरितांना यादीतून काढा म्हणून मोर्चे निघतात, त्यामुळे प्रश्न चहाच्या टपरीपुरता राहिलेला नाही. व्हॅलिडिटीच्या कागदावर एखाद्या पोराची ॲडमिशन अडते, नोकरी अडते.

मी त्याला चेऊलकरांची गोष्ट सांगितली. वर सांगितली तेवढीच, रविवारची दुपार होती. ऐकून म्हणाला, "म्हणजे त्यांनी आडनाव ठेवलं असतं तर केदारमामाचा रोल मिळाला असता का?"

च्यायला. बरोबर प्रश्न. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चेऊलकर म्हटलं असतं तर कदाचित मराठी हवालदाराचे रोल मिळाले असते, आयुष्यभर.

मग त्याला दुसरी गोष्ट सांगितली. १९४८ नंतर बेने इस्रायली इस्रायलला जाऊ लागले. हजारोंनी. शतकानुशतकं इथे शनिवार पाळून, सुंता करून, खाण्याचे नियम सांभाळून राहिलेले लोक तिथे पोचले आणि तिथल्या धर्मगुरूंनी विचारलं: तुम्ही नक्की ज्यू आहात ना? तुमच्या आज्या-पणज्यांची लग्नं, घटस्फोट आमच्या नियमांनी झाले होते का? लग्न लावण्याआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करा असा फतवा निघाला. कोकणातून गेलेल्या माणसांनी पणजीचे कागद कुठून आणायचे? त्यांनी आंदोलनं केली, उपोषणं केली. शेवटी १९६४ साली इस्रायल सरकारने जाहीर केलं की बेने इस्रायली सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत.

म्हणजे बघा, इथे त्यांना शनवार तेली म्हणत होते आणि तिथे विचारत होते 'पण तरी?'. (या लोकांनी तिथे गेल्यावर काय केलं? 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. आता बोला.) आपल्या राज्याने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली. तोवर बहुतेक लोक निघून गेले होते, भारतात काही हजारच उरले होते.

डेव्हिड या सगळ्या काळात मुंबईतच होते, काम करत होते. आणि सिनेमाइतकंच ते ओळखले जायचे सूत्रसंचालक म्हणून. फिल्मफेअरच्या सोहळ्यांपासून कितीतरी समारंभांत माईकसमोर हाच बुटका माणूस. मला वाटतं त्यांच्या विनोदाची किल्ली इथे आहे. जॉनी वॉकर, मेहमूद हे लोक फ्रेममध्ये आले की फ्रेम त्यांची होते. डेव्हिड आले की फ्रेम समोरच्याची होते. ते पाहुण्याला खुर्ची देतात, चहा विचारतात, आणि जाता जाता एक वाक्य असं टाकतात की पाहुणा अजून मजेशीर वाटायला लागतो. पुन्हा एकदा 'गोलमाल'चा तो सुरुवातीचा सीन बघा. भवानीशंकर पडद्यावर यायचा आहे अजून, पण मामांच्या सांगण्यातून तो अर्धा उभा राहिलेला असतो. उत्पल दत्तचा निम्मा हशा डेव्हिडनी आधीच पेरून ठेवलाय. कोडमध्ये अशा कामाचं श्रेय कधी मिळत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

हीच यजमानाची नजर 'अभिमान' (१९७३) मध्ये वेगळ्या कामाला येते. लग्नाची पार्टी, अमिताभ आणि जया दोघं गातात, सगळे टाळ्या वाजवतायत. कोपऱ्यात डेव्हिड. या एकट्याच्या लक्षात येतं की ती त्याच्यापेक्षा सरस आहे आणि यातून पुढे भलतंच काहीतरी होणार. तेच गोड म्हातारे काका, तोच टकलू गोल चेहरा, पण त्यावरचं हसू हळूच उतरतं. सगळ्यांच्या घरात पाहुणा म्हणून वावरलेल्या माणसाला घरातली भेग सर्वात आधी दिसते, असं मला ते बघताना दर वेळी वाटतं. आता हा माझा आगाऊपणा असेल, पण ब्लॉग माझा आहे. :)

ते इस्रायलला गेले नाहीत. शेवटी गेले ते कॅनडाला, आणि १९८१ सालच्या अखेरीस टोरांटोत वारले. चौल ते टोरांटो, मध्ये सगळ्या हिंदुस्थानाचे मामा.

माझ्या भावाने रेझ्युमेवर शेवटी काय लिहिलं ते मी विचारलं नाही. नोकरी लागली, हिंजवडीत. गळ्यातल्या कार्डावर 'डेव्हिड जी.' आहे, पण ते म्हणे सिस्टिमच तसं छापते. लास्ट नेमचं पहिलंच अक्षर घेते. मी त्याला म्हटलं, तिकीट टाक.

असो. वीकेंडला 'बूट पॉलिश' मिळाला तर बघा. सगळा बघायला वेळ नसेल तर तुरुंगातलं गाणं तरी बघाच. जॉन चाचाला पकडून आत टाकलंय. कोठडीत सगळे टकलू कैदी. डोक्यावरची शेती वाळून गेलीय, तेव्हा आता तूच ये, म्हणून ढगाला साकडं घालतायत. संगीत शंकर-जयकिशनचं, आवाज मन्ना डेंचा, आणि गाणं चक्क अडाण्यात, अगदी पक्कं शास्त्रीय. डेव्हिड मध्यभागी बसून, चेहरा गंभीर, एखाद्या बुजुर्ग गवयासारखे हातवारे करत ताना घेतात. आमची आजी, जिचं आख्खं आयुष्य पावसाची वाट बघण्यात गेलं, ती या गाण्याला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची आणि मग पप्पांकडे वळून विचारायची, "पाऊस पडतो का रे शेवटी?"

पडतो की.